बॉम्बांचं इंधन

भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात गेल्याने माझा भाषणांपेक्षा मोजमापावर विश्वास. म्हणूनच १९९३चा अमेरिका-रशिया करार मला मोलाचा वाटतो. सुमारे २० हजार अण्वस्त्रांना पुरेल असं ५०० टन युरेनियम रशियाने सौम्य केलं. ९० टक्क्यांच्या आसपासची समृद्धता पाच टक्क्यांखाली आणली. अमेरिकेने ते विकत घेऊन अणुभट्ट्यांत वापरलं. २०१३पर्यंत त्यातून तिथली जवळपास दहा टक्के वीज निर्माण होत होती. दोघांत प्रेम नव्हतंच. रशियाला पैसा हवा होता, अमेरिकेला इंधन आणि सुखाची झोप. शिवाय परस्परांच्या कारखान्यांत निरीक्षक जात. शांततेची आवाहनं पुष्कळ झाली. आता दोघांचाही फायदा होईल आणि तपासता येईल, असा रोकडा व्यवहार मांडा.