चुका शून्य, तरी वंशावळ खोटी

दप्तराबाहेर : दप्तरी

बारावीचा निकाल लागला की भद्रावती-वरोऱ्याच्या सेतू केंद्रांसमोर गर्दी होते. जात पडताळणीचा अर्ज भरायचा असतो आणि त्याला वंशावळ जोडायची असते. कोळसा खाणींच्या माजरीकडच्या माणसाला ही वंशावळ आणखी एका कामाला लागते. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणीत शेत गेलं, तर मोबदला कुणाकुणाला आणि नोकरीसाठी नाव कुणाचं, हा हिशेब वारसांच्या यादीपाशी येऊन थांबतो. पूर्वी घरातला म्हातारा सांगायचा आणि अर्जनवीस लिहायचा. आता शिकलेली पोरं वंशावळीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतात, नावं-तारखा भरतात, तपासणीचं बटण दाबतात आणि एकही चूक सापडली नाही असा निरोप आला की प्रिंट काढून मोकळी होतात. त्या निरोपावर इतका विश्वास ठेवू नये, एवढंच या आठवड्यात सांगायचं आहे.

आधी सॉफ्टवेअरचं श्रेय त्याला देऊ. 'ग्रॅम्प्स' हे फुकट मिळणारं, खुल्या परवान्याचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात माहिती पडताळण्याची सोय आहे. जन्माआधी मृत्यू, आईच्या मृत्यूनंतर मुलाचा जन्म, सव्वाशे वर्षांचा माणूस, दहा वर्षांचा बाप असलं काही दिसलं की ते यादी काढून पुढ्यात ठेवतं. विकत मिळणाऱ्या इतर सॉफ्टवेअरमध्येही अशीच सोय असते. दोनशे नावांच्या वंशावळीत माणसाची नजर थकते, यंत्राची थकत नाही. विशेषतः शकांचा घोळ ते चटकन पकडतं. जुन्या पोथीत किंवा बाडात 'शके १८४०' लिहिलेलं असतं आणि नातू ते इसवी सन समजून तसंच टाइप करतो. शकात ७८ मिळवायचे, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९, म्हणजे ते साल १९१८-१९ निघतं, मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीचं. १८४० साली जन्मलेल्या माणसाचा मुलगा १९४५ चा दिसला की यंत्र ओरडतं. ग्रॅम्प्सला हिब्रू, इस्लामी, एवढंच काय फ्रेंच क्रांतीचंही कॅलेंडर कळतं. शालिवाहन शक मात्र आपल्यालाच बदलून भरावा लागतो.

माजरीत दुसराही घोळ संभवतो. खाणीत आणि रेल्वेत कामाला आलेली उत्तर भारतीय कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथंच आहेत आणि त्यांच्या घरच्या कागदांवर विक्रम संवत असतो. त्यातून ५७ वजा करायचे असतात. संवत १९९० म्हणजे १९३३-३४. ते तसंच १९९० म्हणून भरलं, तर आजोबा नातवाच्या वयाचे होतात. हेही यंत्राला दिसतं, पण नातवाची जन्मतारीख भरलेली असेल तरच.

आता ते विनाकारण ओरडतं कुठे ते पाहू. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ चा, लागू झाला १९३० च्या एप्रिलमध्ये, आणि त्यातही मुलीचं किमान वय चौदा होतं. खेड्यात तो कितपत पाळला गेला हे आपल्या पणज्या सांगून गेल्या आहेत. अकराव्या वर्षी लग्न आणि पंधराव्या वर्षी पहिलं मूल, हे त्या पिढीत घडत होतं, पण यंत्राला ते संशयास्पद वाटतं. गोंडांमध्ये आते-मामेभावंडांची लग्नं रीतीची आहेत, त्यामुळे एकच आजा नवऱ्याकडूनही येतो आणि बायकोकडूनही. मराठा-कुणब्यांतही मामाची मुलगी करतात. दत्तक गेलेल्या मुलाला दोन बाप असतात. पाट लावून आलेल्या बाईची मुलं दोन घरांत वाढतात. यातलं काहीच चूक नाही. चूक होते ती पुढे. यादीतली लाल ओळ जावी म्हणून पोरगा पणजीचं लग्नाचं वय सोळा करतो, दत्तकाचा जन्मदाता बाप पुसून टाकतो. यंत्र गप्प होतं आणि खरी नोंद खोटी होते. वास्तविक ग्रॅम्प्समध्ये वयाच्या या मर्यादा आपल्या आपण बदलता येतात, आणि तपासून बरोबर ठरलेल्या ओळीवर खूण करून ती पुन्हा दिसणार नाही अशीही सोय आहे. आपल्या जिल्ह्यासाठी मर्यादा आपणच ठरवायच्या. परदेशात बसून कुणी ठरवलेलं योग्य वय आपल्या आजीवर लादायचं नाही.

पण सगळ्यात घातक चुका ज्या असतात, त्यांच्यावर यंत्र ओरडतच नाही. १९३६ लिहायचं ते १९६३ लिहिलं गेलं. दोन आकडे उलटे पडले आणि फरक झाला २७ वर्षांचा, म्हणजे बरोबर एका पिढीचा. बाप मुलाच्या पिढीत जाऊन बसला. त्याची लग्नाची आणि मृत्यूची तारीख भरलेली नसेल, आणि आपल्याकडे ती बहुधा नसतेच, तर यंत्राला यात वावगं काही दिसायचं कारण नाही. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा पहारेकरी असतो. व्हेरहोफ या डच गणितज्ञाच्या पद्धतीने तो आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर क्रमांक स्वीकारलाच जात नाही. जन्मसालाला असा पहारेकरी नाही.

दिवस आणि महिना उलटे पडले तरी तेच. अमेरिकी पद्धतीने ५/८ म्हणजे मे महिन्याची आठ तारीख. आपला पाच ऑगस्ट तिथे मे महिन्यात जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. बारापुढची तारीख असेल तेवढीच अडते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या एक जूनच्या जन्मतारखा तर महाराष्ट्रभर आहेत. गुरुजींनी पोर बघून वय ठरवलं आणि शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख टाकली. अशी तारीख आकड्यांत निर्दोष असते, आणि माणूस त्या दिवशी जन्मलेला नसतो.

नावांचा गुंता याहून मोठा. नातवाला आज्याचं नाव ठेवायची रीत आहे. एकाच गावात रामा लक्ष्मण आणि लक्ष्मण रामा आलटून पालटून चार पिढ्या चालतात. आडनाव जुन्या कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, बहुधा नसतंच. नुसता 'रामा वल्द लक्ष्मण', जात आणि गाव. दोन सारख्या नोंदी दिसल्या की सॉफ्टवेअर त्या एकत्र करू का, असं विचारतं, आणि पोरगा हो म्हणतो. मग आज्याच्या पोटी नातवाची मुलं जातात, किंवा चुलत घराण्याची अख्खी फांदी आपल्या झाडावर येऊन बसते. आणि शेवटची चूक म्हणजे भरलंच न गेलेलं माणूस. लहानपणी दगावलेला भाऊ, गाव सोडून गेलेला काका आणि मुख्य म्हणजे लेकी. जात पडताळणीची वंशावळ बापाकडून चढत जाते म्हणून लेकींची नावं गाळायची सवय लागली, आणि तीच यादी उद्या जमिनीच्या वाटणीला वापरली जाते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलगी जन्मतः हिस्सेदार झाली. तो कायदा आदिवासींना लागू नाही. पण जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात, केवळ बाई म्हणून वारसा नाकारणं समतेच्या तत्त्वात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. गाळलेली आत्या आता कधीही दावा घेऊन दारात येऊ शकते. जी नोंद नाहीच ती यंत्र कशी तपासणार?

पुण्या-मुंबईच्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापले जातात, त्यात चूक निघाली तर पुढच्या आवृत्तीत शुद्धिपत्र जोडतात. चंद्रपूर-गडचिरोलीत ही चूक एवढ्या स्वस्तात सुटत नाही. अनुसूचित जमातीच्या दाव्यात ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे पुरावे वजनदार ठरतात, इतर मागासवर्गात १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख असते. त्या तारखेआधीच्या कागदावरचा माणूस आपला आजा आहे हे वंशावळच सांगते. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नातेवाइकाच्या व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राचा, आधार घेता येईल हे मान्य केलं, पण अर्जदार खरोखर त्याचा रक्ताचा नातेवाईक आहे का हे पडताळणी समितीने तपासलं पाहिजे, असंही बजावलं. म्हणजे एका चुलत भावाच्या वंशावळीत पणजा रामा आणि दुसऱ्याच्या वंशावळीत लक्ष्मण असेल, तर समितीच्या दक्षता पथकाचा पहिला प्रश्न तयारच आहे. माना जमातीच्या लोकांनी आपली ओळख मान्य व्हावी म्हणून किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या हे या भागाला सांगायला नको. २००६ च्या निकालाने त्यांचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयात टिकलं. तिथवर जिंकलेला हक्क टायपिंगच्या चुकीने घरात हरायचा, हे परवडणारं नाही.

जंगलालगतच्या गावांत वनहक्क कायदा आहे. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि कायद्यात पिढी पंचवीस वर्षांची धरली आहे. आकडे उलटे पडून एक पिढी गळाली तर दावाच गळाला. आणि माजरीला कोळसा आहे. कोळसाधारक क्षेत्राचा कायदा १९५७ चा, आणि कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी. कमी जमीन असलेले एकत्र येऊन एक नाव देऊ शकतात. त्या एका नावामागे किती भाऊ, किती चुलते, किती आत्या उभ्या आहेत, हे कुणाला तरी मांडून दाखवावं लागतं.

कोळसा खाणींनी नोंदी तपासण्याचा एक जुना धडाही दिला आहे. १९८७ मध्ये कामगारांना त्यांच्या सेवा-नोंदींचे उतारे हातात दिले गेले. बघा, चूक असेल तर सांगा, असं म्हणून. आजच्या झारखंडात भारत कोकिंग कोलच्या एका कामगाराला त्यात आपली जन्मतारीख, बापाचं नाव आणि गावचा पत्ता तिन्ही चुकलेले दिसले. त्याने लागलीच लेखी कळवलं. नाव आणि पत्ता दुरुस्त झाला, तारीख राहिली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४ मध्ये कामगाराच्या बाजूने निकाल लागला. उतारा ज्याचा त्याला दाखवला म्हणून चूक सापडली, आणि सापडल्यावर लेखी कळवली म्हणून तो टिकला. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

महसूल खात्यालाही शेवटी याच वाटेने जावं लागलं. सातबारा संगणकावर चढवताना हस्तलिखित आणि संगणकीय उतारा जुळेना. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनाच्या चुका दुरुस्त करायचे आदेश काढत बसावं लागलं, आणि २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचनाची मोहीम घेतली गेली. उतारा मोठ्याने वाचायचा, खातेदाराने ऐकायचा आणि जागच्या जागी हरकत घ्यायची. एवढ्या संगणकांच्या खात्याला चूक शोधायला माणसाचा कान लागला.

वंशावळीचंही चावडीवाचन व्हावं. प्रिंट काढण्याआधी घरातल्या दोन-तीन शाखांतली म्हातारी माणसं बोलवावीत, त्यात लग्न होऊन गेलेली आत्या असलीच पाहिजे, आणि एकेक ओळ वाचावी. आकडे न वाचता नाती वाचावीत. 'रामा, जन्म १९६३' असं वाचलं तर कुणीच हलणार नाही. 'रामा हा पोचूचा मोठा मुलगा' असं वाचलं की आत्या म्हणेल, "अगा, हा त पोचूचा बाप होय ना!" म्हाताऱ्यांना सन आठवत नाहीत, पण मानमोडी, खाण सरकारजमा झाली ते वर्ष, थोरल्याच्या लग्नाच्या आधी का नंतर, हे पक्कं आठवतं. तारीख त्यावरून बांधावी आणि तिच्यापुढे 'सुमारे' लिहावं. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. एक जूनची खोटी नेमकी तारीख टाकण्यापेक्षा 'सुमारे १९३५' हे जास्त खरं असतं. शाळेच्या दाखल्यावर मात्र जी तारीख आहे तीच तशी, दाखल्याची म्हणून नोंदवावी.

दुसरं, प्रत्येक नावापाशी आधार लिहावा. कोतवाल पंजी, अधिकार अभिलेख, फेरफार क्रमांक, का नुसतं आजीचं सांगणं. ग्रॅम्प्समध्ये स्रोत आणि त्याची विश्वासार्हता दोन्ही नोंदता येतात, पण घाईत ते रकाने कोरेच सोडले जातात. तिसरं, पंचकार्डांच्या काळात एकच कार्ड दोन ऑपरेटर वेगवेगळे टाइप करत आणि फरक पडला की मूळ कागद पाहत. घरात ते सहज जमतं. एक प्रत काकांच्या मुलाने भरावी, एक आत्याच्या मुलीने, मग ताडून पाहावं. जुळत नाही तिथे दडपून एकमत करू नये, दोन्ही म्हणणी आधारासह ठेवावीत.

यात एक अडचण माजरीची स्वतःची आहे. चावडीवाचनाला चावडी लागते. खाण पसरली की गाव उठतं, आणि गाव उठलं की ज्याच्या बांधाला बांध होता तो शेजारी भद्रावतीला, वणीला, चंद्रपूरला पांगतो. कुणाचा बाप कोण हे सांगणारी माणसं कागद मागितला जायच्या आधीच हाताबाहेर गेलेली असतात. म्हणून हे वाचन जमीन संपादनाची नोटीस लागल्याबरोबर, गाव एकत्र असतानाच व्हायला हवं. ते वेकोलि आणि महसूल खात्याने मिळून ग्रामसभेत घ्यावं, हरकती लेखी घ्याव्यात आणि हरकत घेणाऱ्याला पोच द्यावी. जमीन मोजायला सर्वेअर आणि पैसा दोन्ही मिळतात, मग माणसं मोजायला एक दिवस द्यायला हरकत नसावी.

— दप्तरी