डी ड्राइव्ह गेला कुठे?
१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. मध्य प्रदेशातल्या खैरलांजीसारख्या तालुक्याच्या गावी जमिनीच्या खसऱ्याची नक्कल काढून देणाऱ्या दुकानदाराने विंडोज ११ टाकलं आणि डी ड्राइव्हच दिसेना, तर त्याने लगेच हातपाय गाळू नयेत. पुष्कळदा डेटा जागेवरच असतो, ड्राइव्हचं अक्षर तेवढं उडालेलं असतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते पुन्हा द्यायचं. ‘फॉरमॅट करू का?’ असं मशीन साळसूदपणे विचारेल, तिथे ‘नाही’च म्हणायचं. डिस्क तपासून दुरुस्त करणारी चेकडिस्कही रामबाण नव्हे. डिसेंबर २०२०मध्ये विंडोजच्या २०एच२ आवृत्तीत याच दुरुस्तीने काही मशिनांची फाइल सिस्टिम बिघडवली होती. मायक्रोसॉफ्टने ते कबूलही केलं. तेव्हा गिऱ्हाइकांची कागदपत्रं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा, चेकडिस्क नंतर चालवा.