शकुंतलेचे इंजिन आणि परिग्रहाची वही

अकोल्याच्या एका जुन्या अडत दुकानाच्या मालकांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतले, त्याला पुष्कळ वर्षे झाली. वस्त्रे, भांडी, सोने, जमीन, सर्वांची मर्यादा एका वहीत लिहिलेली आहे. सत्तरी ओलांडल्यावर मात्र त्यांच्या मनात एका वस्तूची इच्छा उत्पन्न झाली, आणि ती वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती म्हणजे शकुंतला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाची लहानशी प्रतिकृती.

शकुंतलेची ओळख वऱ्हाडास करून द्यावयास नको. मूर्तिजापूरहून एक फाटा दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला, सुमारे 76 किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा मार्गे यवतमाळला, सुमारे 113. रूळ अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तेथून मँचेस्टरला जावा, यासाठी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने हा मार्ग उभारला. 1921 साली मँचेस्टरमध्येच घडविलेले इंजिन 1923 पासून या रुळांवर धावले. 15 एप्रिल 1994 रोजी ते निवृत्त झाले आणि डिझेल इंजिन आले. (कापूस ज्या गावी गेला, त्याच गावचे इंजिन इकडे आले, व्यापाऱ्याला हा हिशेब लगेच कळतो.)

या गृहस्थांना मात्र कापसाच्या गाठींपेक्षा दशम्यांचा डबा आठवतो. बालपणी आईबरोबर मुक्तागिरीच्या यात्रेला निघाले असता गाडी अंजनगावच्या अलीकडे बराच वेळ थांबली. आईची दृष्टी सारखी पश्चिमेकडे. गाडी हलली तेव्हा सूर्य मावळला होता. डबा उघडलाच गेला नाही. मूल भुकेने रडू लागले, तेव्हा इंजिनचालकाने त्याला उचलून भट्टीचा लाल उजेड दाखविला. ते रडे तेथेच थांबले.

नातवाने शोध घेतला. जपानच्या किसो खोऱ्यात जंगलातील लाकूड वाहणारी रेल्वे होती; तिचाही रूळ नेमका 762 मिलिमीटर. ती 1975 मध्ये बंद झाली, तरी तिच्या इंजिनांच्या प्रतिकृती आजही तेथील हौशी लोक जमवितात. 1:87 प्रमाणात तो रूळ जेमतेम 9 मिलिमीटरचा होतो. दार्जिलिंगच्या इंजिनाचीही प्रतिकृती मिळते.

“आजोबा, किसोचे इंजिन मागवू का? रूळ तर तेवढाच आहे.”

“नको रे. त्या भट्टीपाशी मी कधी उभा राहिलो नाही.”

हे उत्तर हट्टाचे वाटेल. पण इच्छेला मर्यादा घालणाऱ्यालाच नेमके काय हवे ते ठाऊक असते, आणि ‘त्यासारखे’ काही घेऊन घर भरणे त्याला जमत नाही.

अखेर नातवाने जुनी छायाचित्रे समोर ठेवून पुठ्ठा कापावयास घेतला. धुराड्याची उंची तीनदा चुकली. आजोबा दुपारी दुकानातून येत, चष्मा सावरून पाहत आणि म्हणत, “पाण्याची टाकी जरा आखूड कर.”

पर्युषणापूर्वी वहीत नवी ओळ लिहिली गेली: ‘इंजिन, पुठ्ठ्याचे, नग 1.’ वस्तूंची संख्या वाढू नये म्हणून त्याच ओळीत पुढे लिहिले आहे: ‘मनगटी घड्याळ, नग 1, मुनिमास दिले.’