संविधानाचा प्रकल्प मुलांना करू द्या

नोव्हेंबर उजाडला की स्टेशनरीच्या दुकानांत संविधानाच्या प्रकल्पासाठी गर्दी होते. कार्डशीट, स्केचपेन, डॉ. आंबेडकरांचा रंगीत फोटो. मजकूर मोबाइलवरून उतरवून घ्यायचा. गटात नावे पाच. पण ज्या मुलीचे अक्षर चांगले, ती एकटी रात्री जागून वही पुरी करते. कधी तिची आईही सोबत जागते. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, वही जमा होते, गुण मिळतात आणि वही कपाटात जाते. पाचांपैकी एकानेही संविधानाचा मूळ कागद वाचलेला नसतो.

शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे. यंदा प्रत्येक गटाच्या हाती संविधान सभेतला एक दिवस द्या.

९ डिसेंबर १९४६ पासून सभेत कोण काय बोलले, कोणती दुरुस्ती आली, ती टिकली की पडली, हे सारे तारीखवार नोंदलेले आहे. हे इतिवृत्त इंटरनेटवर फुकट मिळते. ते मोठे आहे, म्हणून सगळे नको. एक कलम, एक दिवस, चार-पाच पाने पुरेत.

सुरुवात उद्देशिकेने करा, कारण ती मुलांना तोंडपाठ असते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी तिच्यावर चर्चा झाली. मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले हरी विष्णू कामत यांनी सुचवले की, उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. थाणू पिल्लई म्हणाले की, ईश्वर मानावा की न मानावा हा ज्याचा त्याचा हक्क आहे. हृदयनाथ कुंझरू यांनी दाखवून दिले की, ज्या उद्देशिकेत श्रद्धेचे स्वातंत्र्य देतो, तिथेच आपली श्रद्धा इतरांवर लादणे बरे नाही. ईश्वराबाबत मत देण्याची वेळ आमच्यावर आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना केली. कामत हटले नाहीत. हात वर करून मतदान झाले: बाजूने ४१, विरुद्ध ६८.

आता पाच मुलांत काम वाटा. एकाने कामतांची बाजू मांडावी, दुसऱ्याने विरोधकांची. तिसऱ्याने अवघड शब्दांचे अर्थ लावावेत. इतिवृत्त बहुतेक इंग्रजीत आहे, म्हणून बाईंनी किंवा सरांनी इथे शेजारी बसावे. पण मराठीत सांगायचे ते मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगावे. चौथ्याने १९४९ ची उद्देशिका आणि आपल्या पाठ्यपुस्तकातली उद्देशिका शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहावी. 'समाजवादी', 'धर्मनिरपेक्ष' आणि 'एकात्मता' हे शब्द जुन्या प्रतीत नाहीत, हे त्याचे त्यालाच सापडेल. ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले, हे मग सांगा. आधी सांगू नका. पाचव्याने गटातले मतभेद लिहून ठेवावेत. शेवटी गटाने मतदान घ्यावे आणि हरलेल्या बाजूचे म्हणणेही वहीत मानाने नोंदवावे.

प्रत्येक विधानापुढे तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव हवेच. सभासद काय म्हणाले आणि आम्हाला काय वाटते, हे वेगवेगळ्या पानांवर असू द्या. ही एक सवय लागली, तरी व्हॉट्सअॅपवर येणारे प्रत्येक 'आंबेडकर म्हणाले होते' ही मुले पडताळून पाहतील.

शिक्षकांनो, सजावटीचे गुण कमी करा आणि प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारून त्याच्या उत्तराला गुण द्या. पालकांनो, वही तुम्ही लिहू नका. अक्षर वाकडे येऊ द्या, खाडाखोड होऊ द्या. संविधानाच्या मसुद्यावरही थोडीथोडकी खाडाखोड झालेली नाही: सभेपुढे हजारो दुरुस्त्या आल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

परिपाठाला 'आम्ही, भारताचे लोक' असे मुले रोज म्हणतात. त्या लोकांचे बोलणे निदान एकदा त्यांना मुळातून वाचू द्या. या २६ नोव्हेंबरला वही थोडी पातळ झाली तरी चालेल, पण ती पाचही जणांची असू द्या.