माहिती जनतेची, कोठार मालकाचे!

३ मे २०२५ रोजी मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी नवा रायपूर येथे एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी केली. रॅकबँक या खाजगी कंपनीचा हा सुमारे एक हजार कोटींचा प्रकल्प. प्रगतीचे ढोल वाजले. परंतु असल्या कोठारांत साठणारी माहिती कोणाची आणि ती चोरीस गेल्यास भरपाई कोणाला, हा प्रश्न त्या गजरात बुडून गेला.

रायपूरचा हमाल असो वा धमतरीचा शेतकरी; रेशन, बँक खाते, सिमकार्ड यांसाठी त्याच्याकडे पावलोपावली अंगठा मागितला जातो. तो खुशीने नव्हे, पोटासाठी देतो. त्यालाच ‘तुम्ही संमती दिली होती’ असे ऐकवणे ही क्रूर थट्टा होय.

या माहितीची राखण दिल्लीश्वर कशी करतात? जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’ने आधारधारकांचा तपशील ५०० रुपयांत मिळत असल्याचे उघड केले. आधार प्राधिकरणाने माहिती फुटल्याचे नाकारले आणि पोलिसांतील तक्रारीत बातमीदाराचेच नाव घातले! मार्चमध्ये ॲटर्नी जनरल सर्वोच्च न्यायालयात सांगत होते की माहिती १३ फूट उंच, ५ फूट जाड भिंतींआड सुरक्षित आहे. संगणकातला चोर भिंतीवरून उडी मारून येतो काय?

२०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने तर कळस केला. निष्काळजी कंपनीस २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याची पै न् पै भारताच्या एकत्रित निधीत जाणार. लुबाडल्या गेलेल्याच्या हाती छदामही नाही. उलट, अशा हलगर्जीपणाबद्दल पीडिताला भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३-अ रद्द करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. आणि तक्रार ‘क्षुल्लक’ ठरली तर नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड!

बँकेच्या लॉकरमधील ऐवज चोरीस गेला, तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत बँक जबाबदार, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. दागिन्यांना जो न्याय, तो श्रमिकाच्या अंगठ्याला का नाही? कारण उघड आहे. भरपाई मालकाच्या नफ्यातून जाते. नुकसान मात्र जनतेच्या खिशातून.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे: कलम ४३-अ कायम ठेवा, दंडातून पीडितांना भरपाई द्या, अंगठ्यावाचून रेशन अडवू नका. नवा रायपूरच्या कोठाराला कुलूप कितीही भक्कम लावा. माहिती देणाऱ्याला हक्क नसेल, तर ते कुलूप मालकाचीच राखण करील.