नळकारागिराची ‘निवड’

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून नळकारागिराचा वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या तरुणापुढे दोन वाटा असतात : नव्या इमारतींवर ठेकेदाराच्या हाताखाली राबायचे, की घरोघरी दुरुस्तीची कामे करायची. अर्थशास्त्राची पुस्तके याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणतील. वस्तुस्थिती निराळी आहे. बांधकामावर काही महिने सलग मजुरी मिळते. पण बिल्डरचे पैसे अडले की काम थांबते. गळका नळ मात्र मंदीसाठी थांबत नाही. तथापि दुरुस्ती करणाऱ्याचा आज एक मालक, उद्या दुसरा.

कल्याणकारी मंडळातील नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस कामाची अट १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने घातली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवली. व्याख्येत दुरुस्तीही आहे. परंतु तासाभराच्या कामाचा दाखला देणार कोण? म्हणजे स्वतंत्रपणे राबणाऱ्याने संरक्षणावर पाणी सोडायचे!

अनेक मालकांच्या कामगाराला मंडळाच्या छत्राखाली आणण्याचा मार्ग महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने दाखवला आहे. गृहनिर्माण संस्थांकडून लेव्ही घेऊन तोच मार्ग नळकारागिरांना खुला करावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून उभी केली पाहिजे. त्यानंतरच ती निवड खरी ठरेल.