आधी पाजताना पाहा, मग चिठ्ठी लिहा

“पाजायला घेतलं की सुया टोचतात, आणि बाळ सुटल्यावरही बराच वेळ आग होत राहते.” महिन्याभराची बाळंतीण असे सांगू लागली की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एकच शब्द येतो, थ्रश. बाळाला माउथ पेंट, आईला मलम, आणि आठ दिवसांनी परत या.

अशीच एक आई माझ्याकडे आली, तेव्हा तिचे बुरशीवरचे तीन कोर्स होऊन गेले होते. बाळाच्या तोंडात काहीच नव्हते. तिला तिथेच पाजायला सांगितले. बाळ फक्त स्तनाग्र ओठांत धरून ओढत होते, भोवतीचा काळा भाग सगळा बाहेर. बाळाची मान वळलेली होती. त्याला पूर्ण कुशीवर वळवून पोटाशी पोट लावून घेतले, तोंड मोठे उघडेपर्यंत थांबलो आणि मग लावले. तिचे आवळलेले खांदे खाली आले. तीन कोर्स लिहिणाऱ्या कोणीही तिला पाजताना पाहिले नव्हते.

स्तनाग्राची आग म्हणजे कॅन्डिडा, हे समीकरण आपण समजतो तितके पक्के नाही. मेलबर्नमध्ये ३६० मातांचा अभ्यास झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्तनाग्राची आग आणि स्तनात दुखणे अशा तक्रारी असलेल्यांपैकी ५४ टक्के जणींच्या किंवा त्यांच्या बाळांच्या नमुन्यांत कॅन्डिडा सापडली. तक्रारी नसलेल्यांतही ती ३६ टक्क्यांत होतीच. म्हणजे संबंध आहे, पण नुसत्या लक्षणांवरून निदान करणारा पुष्कळदा चुकणार. बाळ नीट न लागणे, पंपाच्या कपाचे माप चुकणे, मलमाचीच ॲलर्जी, इसब, जिवाणूंचा संसर्ग, थंडीने स्तनाग्र पांढरे पडून ठणकणे या सगळ्यांत बाई “आग होते” असेच म्हणते.

म्हणून आधी बाळाचे तोंड पाहा, चांगल्या उजेडात. फक्त जिभेवर पातळ पांढरा थर असेल तर ते बहुधा दूधच. थ्रशचे ठिपके गालांच्या आतून, हिरड्यांवर, टाळूवरही असतात. ते सहज पुसले जात नाहीत, आणि निघालेच तर खाली लालभडक दिसते. लंगोटाच्या जागी लाल पुरळ आहे का, आईचा अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच झाला आहे का, तिला मधुमेह आहे का, हेही विचारा. सुरुवातीचे काही आठवडे विनात्रास पाजून झाल्यावर अचानक दोन्ही बाजूंना आग सुरू झाली असेल तर बुरशीचा संशय बळावतो. पहिल्या दिवसापासूनच दुखत असेल तर आधी बाळ कसे लागते ते तपासा.

थ्रश खरेच असेल तर उपचार दोघांचे, आणि एकाच वेळी. बाळाला निस्टॅटिन १ मिली, म्हणजे १ लाख युनिट, दिवसातून चार वेळा, पाजून झाल्यावर. डाग गेल्यावरही दोन दिवस चालू ठेवावे. आईला पाजल्यानंतर मायकोनॅझोल क्रीमचा अगदी पातळ थर. मायकोनॅझोलचे तोंडात लावायचे जेल मात्र चार महिन्यांखालच्या बाळांत घशात अडकून गुदमरण्याची भीती असते. ते आईच्या स्तनावर लावून बाळाला चाटायला देणे तर नकोच. वाटी-चमचा, बोंडलं, चोखणी रोज उकळून घ्यावी.

जांभळ्या औषधाबद्दलही आता बोलायला हवे. ०.२५ टक्के जेन्शन व्हायोलेट आयएमएनसीआयच्या प्रशिक्षणातून आपल्या हाडीमासी रुजले आहे, आणि दुर्गम भागात तेच हाताशी असते हे मला ठाऊक आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेत बाळाच्या थ्रशसाठी निस्टॅटिन आले, आणि २०१९ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने कर्करोगाच्या संभाव्य धोक्यामुळे जेन्शन व्हायोलेट न वापरण्याचा इशारा दिला. निस्टॅटिन किंवा क्लोट्रिमॅझोल मिळत असताना ते लिहिण्याचे कारण उरत नाही.

याहून मोठी काळजी घरातल्या उपायाची आहे. टाकणखाराची लाही मधात खलून बाळाच्या तोंडाला लावणे अजून अनेक घरांत चालते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. चोखणीला मध आणि बोरॅक्स लावल्याने तान्ह्या बाळांना झटके आल्याच्या नोंदी १९७३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मधामुळे वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. हे सूनबाईला सांगून भागत नाही, आजीला आत बोलावून सांगावे लागते. आजी बाळाचे वाईट चिंतत नाही. तिच्या आईने केले तेच ती करते. तिला “तोंडात औषध लावायचं काम आता तुमच्याकडे” म्हणून निस्टॅटिनची बाटली हातात द्या. माझ्या अनुभवात हा उपाय चालतो.

फ्लुकोनॅझोलचा विचार लक्षणे खात्रीची असून वरचे उपचार पुरेसे न पडल्यास करावा. लिहिण्याआधी एक प्रश्न न चुकता विचारा, “दूध वाढायला काही गोळी चालू आहे?” डॉम्पेरिडोन आपल्याकडे सर्रास दिले जाते, आणि ही दोन औषधे मिळून हृदयाच्या ठोक्यांची लय धोकादायक रीतीने बिघडवू शकतात. ती एकत्र देऊ नयेत. औषधाच्या दुकानातून आणलेली स्टेरॉईड, बुरशीरोधक आणि अँटिबायोटिक अशा तिन्हींची मिश्र मलमे स्तनाग्रावर लावलेली असतील तर ती त्याच दिवशी बंद करायला लावा.

आणि पाजणे थांबवायला सांगू नका. थ्रश असताना अंगावर पाजता येते, काढलेले ताजे दूधही बाळाला देता येते. वेदनेने घाबरलेल्या आईला कोणी “दोन दिवस वरचं दे” म्हटले की ते दोन दिवस पुष्कळदा कायमचे होतात, आणि मग महिनोन्‌महिने पावडरीच्या डब्याचा खर्च त्या घराच्या माथी बसतो.

तुमच्या दवाखान्यात बाळंतिणीला बसून पाजता येईल अशी जागा नसेल तर ती याच महिन्यात करा. हात टेकायला दांड्या असलेली एक खुर्ची, एक उशी आणि एक पडदा पुरेसा आहे.